आपलं घर रांगेत शेवटी

कमल,

तुझ्या दहाव्याला आलेली माणसं मी मोजली. मोजू नयेत हे मला कळतं, पण सवय जात नाही. दोनशेच्या थोडी पुढे गेले, तेवढ्यात मांडवाच्या मागून कोचिंग क्लासच्या पोरांचा घोळका आला आणि आकडा चुकला. माझ्या दहाव्याला किती येतील याचा अंदाजही मी तिथेच उभ्या उभ्या केला. साठ. रविवार असला तर सत्तर.

हे तुला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, रेवा आणि ईशान. गेल्या रविवारी आमचा फोनवरचा मराठीचा तास संपताना रेवा म्हणाली, "आजी, कमळाआजीबद्दल लिहून पाठव ना. तिच्याशी बोलतेस तसंच लिही." मी या मुलांना मेलबर्नला दर रविवारी पन्नास मिनिटं मराठी शिकवते, जोडाक्षरांसकट. आणि बीड म्हटलं की त्यांना आठवतात ते तुझ्या खानावळीतले धपाटे. दोन सुट्ट्यांत मिळून ती माझ्या घरी जेवली किती वेळा आणि तुझ्या ओट्यावर किती वेळा, हे मी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे.

तेव्हा रेवा, ईशान, तुमची कमळाआजी किती चांगली होती हे सांगायला मी बसलेले नाही. ते सगळं गाव सांगतंय. मला तिचा हेवा वाटायचा. तीस वर्षं वाटला. ती गेली तरी तो गेलेला नाही, आणि तो तिला सांगायचा राहिला.

क्लबची पहिली बैठक तुला आठवत असेल. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये अकरा जणी जमलो होतो. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका, दोन डॉक्टरांच्या बायका, वकिलांची मंदा. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चाकाची खुर्ची, वॉकर, वर उचलता येणारी खाट, गरजूंना काही दिवस फुकट वापरायला द्यायच्या, हे काम ठरलं होतं. त्याची तत्त्वं मी लिहून आणली होती. आधी इंग्रजीत लिहिली, कारण नियमांचा विचार मला इंग्रजीतच नीट सुचतो, मग मराठीत. सगळ्यांनी उभं राहायचं आणि एकीने वाचायचं, अशी पद्धतही मीच घातली. साहाय्य करताना जात, धर्म, पक्ष अथवा नाते यांचा विचार केला जाणार नाही. केलेल्या सेवेची प्रसिद्धी अथवा श्रेयाची अपेक्षा केली जाणार नाही. साहित्य मागणीच्या क्रमानेच दिले जाईल आणि सभासदांच्या कुटुंबीयांचा विचार सर्वांत शेवटी होईल. तीन तत्त्वं. मला ती फार आवडली होती.

जेवण तुझ्या खानावळीतून आलं होतं. तू रिकामी पातेली न्यायला दारात उभी होतीस, पदर खोचून, आणि सगळं ऐकत होतीस. माझं वाचून झालं तशी म्हणालीस, "बाई, एक ऱ्हायलं."

"काय राहिलं?"

"मागायला आलेलं मानूस उभं ऱ्हायचं का बसायचं, ते न्हाई लिवलं."

एक-दोघी हसल्या. मंदा म्हणाली, "अगं, पातेली घे आणि नीघ."

मी हसले नाही. मी ते लगेच लिहून घेतलं: साहाय्य मागणाऱ्या व्यक्तीचा सन्मान राखला जाईल. चौथं तत्त्व. बैठकीच्या वृत्तान्तात लिहिलं, 'चर्चेअंती सर्वानुमते'. तुझं नाव तिथे नव्हतं, आजही नाही. पुढच्या महिन्यात तुला सभासद करून घ्यायचा प्रस्ताव मी मांडला, आणि घरी येताना मला वाटत होतं की मी तुझ्यावर उपकार केले.

चारही तत्त्वं पाटीवर रंगवून हॉलमध्ये लावली होती. ती वाचायची पाळी प्रत्येकीला येत असे. तुझी आली सातव्या की आठव्या बैठकीला. तू सिरसाळ्याच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पुढे वडिलांच्या मेंढरांमागे. 'साहाय्य' या शब्दापाशीच तू अडलीस. मी पुढे होऊन सांगणार होते, मनातून जरा खूशही होते, तेवढ्यात तू पाटीकडे पाठ केलीस आणि आमच्याकडे तोंड करून म्हणालीस, "कोनाचा हाय ते इचारू नका, काय पायजे ते इचारा. दिलं की इसरा. आपलं घर रांगंत शेवटी. आलेल्याला आदी बसवा, मंग बोला. झालं."

टाळ्या पडल्या. माझी तत्त्वं वाचून कोणी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. टाळ्या थांबल्यावर मी म्हणाले, "कमल, जशी लिहिली आहेत तशीच वाचायची असतात."

"हो बाई," म्हणालीस.

वर्षाने पुन्हा तुझी पाळी आली तेव्हा तू माझी चारही तत्त्वं न बघता म्हणून दाखवलीस. एक जोडाक्षर चुकलं नाही. तुझी लेक सविता मला नंतर म्हणाली की तू भाकरी थापताना तिच्याकडून रोज म्हणवून घ्यायचीस. मला बरं वाटायला हवं होतं. पण तुझं संपल्यावर एकही टाळी पडली नाही आणि मंदा म्हणाली, "ए कमळे, हे नको गं. तुझं म्हण." तू माझ्याकडे पाहिलंस. मी हसून मान डोलावली. त्या दिवशी घरी येऊन मी तीन कपाटं आवरली.

मंदा. जिने तुला पातेली घेऊन नीघ म्हटलं, तिला तू दोन वर्षांत 'ए मंदे' म्हणायला लागलीस. तुम्ही दोघी बाजारात एकमेकींच्या पिशव्यांत हात घालायचात. मला मात्र शेवटपर्यंत 'बाई'. मी तुझ्याहून फक्त तीन वर्षांनी मोठी. 'सुलभा म्हण' असं सांगायचं मी किती वेळा ठरवलं असेल. पण असं सांगावं लागलं तर त्याला काय अर्थ, असं वाटायचं. तू आपणहून म्हणावंस यासाठी मी थांबले, आणि तू मी सांगेन म्हणून थांबली असशील. किंवा तुझ्या डोक्यातही ते आलं नसेल. मला जास्त भीती या दुसऱ्याचीच आहे.

कपिलधारच्या यात्रेत आपण चालत आलेल्यांचे पाय चोळून द्यायचो. गोंधळ नको म्हणून मी नंबरची टोकनं छापून घेतली होती आणि रबरी हातमोजे आणले होते. तू जमिनीवर बसून लोकांच्या टाचा सरळ मांडीवर घेत होतीस. कोण कुठला, किती भेगा, सून जेवायला घालते का, सगळं चालू. एका म्हाताऱ्याने माझ्याकडून टोकन घेतलं, देवाचं असल्यासारखं कपाळाला लावलं, खिशात ठेवलं आणि तुझ्या रांगेत जाऊन बसला. तुला ते दिसलं होतं. परत येताना जीपमध्ये तू म्हणालीस, "बाई, तुमी व्हता म्हनून रेटारेटी झाली न्हाई." मला खूश करायला म्हणालीस हे मला कळलं. तेही तू चांगलं म्हणायचीस.

आता खुर्चीचं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

माझे पती न्हाणीघरात पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी ज्या दिवशी घरी सोडलं त्या दिवशी घरात चाकाची खुर्ची नव्हती. दुकानदार म्हणाला, संभाजीनगरहून यायला आठ-दहा दिवस. क्लबच्या दोन खुर्च्या होत्या. वस्तू तुझ्या खानावळीच्या मागच्या खोलीत, यादी माझ्याकडे. यादी मला पाठ होती. एक खुर्ची बाहेर होती. दुसरी आदल्या दिवशी परत आली होती आणि तिच्यावर पहिला नंबर शिवणकाम करणाऱ्या रझियाच्या आईचा होता. तिला मी दुसऱ्या दिवशी खुर्ची न्यायला सांगितलेलंही होतं.

दुपारी तीनला दारात ऑटो थांबली. तू उतरलीस, मागून खुर्ची उतरवलीस.

"कमल, यादी आहे."

"यादी उद्या बी असंल. साहेबांना संडासला कसं नेणार? तुमच्यानं उचलतंय व्हय?"

"अर्ज नाही, काही नाही. रझियाच्या आईचा नंबर आहे. आणि आपलं घर..."

"ठावं हाय," म्हणालीस. "व्हा बाजूला, उंबऱ्यावरनं चाक घेऊ द्या."

मी बाजूला झाले. एवढंच मी केलं. तिसरं तत्त्व माझं, शब्द माझे, त्यातला 'सर्वांत' हा शब्द मी विचार करून घातलेला, आणि मी बाजूला झाले. तू ह्यांना धरून खुर्चीत बसवलंस, "साहेब, आता कुटं जायाचं, कोर्टात का सिनेमाला?" म्हणालीस आणि पडल्यापासून पहिल्यांदा हे हसले. मला त्याचाही राग आला. इतके दिवस मी त्यांची उशापायथ्याशी उठबस करत होते.

तू गेल्यावर मी वस्तूंची वही काढली आणि खुर्ची क्रमांक दोनपुढे लिहिलं: 'दुरुस्तीसाठी'. अक्षर सुंदर आलं. नऊ दिवसांनी दुकानातून आमची खुर्ची आली आणि क्लबची मी तुझ्याकडे परत पाठवली. लिहिलं: 'दुरुस्त होऊन आली'. तू काही विचारलं नाहीस. मंदालाही सांगितलं नाहीस, कारण मंदाला कळलं असतं तर बीडला कळलं असतं. एवढी वर्षं तू गप्प होतीस आणि मी दर महिन्याला उभी राहून तिसरं तत्त्व खणखणीत आवाजात ऐकत होते. माझी पाळी आली की वाचतही होते.

या वर्षी तुझं हृदय थकलं. आडवं झालं की धाप लागायची. बसून झोपायला लागलीस, पाठीशी गव्हाचं पोतं आणि त्यावर गोधडी. क्लबच्या दोन्ही खाटा बाहेर होत्या. सविताने तुझं नाव यादीत लावलं, अर्ज भरून, रीतसर. त्यातली एक खाट परत आली, तशी मी घाईने तुला फोन केला.

"कमल, खाट आली. सविताला टेम्पो घेऊन पाठव."

"माजा नंबर कितवा?"

"ते सोड."

"सांगा की बाई."

"तिसरा."

"मंग पयल्याला द्या."

"त्यांच्या घरात उचलायला दोन मुलगे आहेत. तुझ्या घरात एकटी सविता. तू हा क्लब तीस वर्षं चालवलास, तुझा काही हक्क नाही का?"

"म्हनून तर." मग तुला धाप लागली, मी थांबले. मग म्हणालीस, "तिसरा नियम हाय. तुमीच लिवलाय."

मी फोन ठेवला. अठराव्या दिवशी तू गेलीस, त्या पोत्याला टेकून.

कमल, 'तुमीच लिवलाय' म्हणताना तुझ्या मनात काय होतं? मी ते वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलंय की तुझा आवाज आता मला नीट आठवत नाही. तू साधं बोलत होतीस, की मला खुर्चीची आठवण देत होतीस? की 'बघा बाई, पाळायचा तर असा' असं दाखवत होतीस? तू टोमणा मारणाऱ्यातली नव्हतीस. तरी मला तो टोमणा असावा असं वाटतं. टोमणा असेल तर निदान एवढ्या वर्षांत एकदा तरी तू माझ्यावर चिडली होतीस, आपण सारख्या होतो. तो टोमणा नसेल तर माझा नियम माझ्यापेक्षा तू चांगला पाळलास, आणि ते मला सहन होत नाही.

हे कमी होतं म्हणून दहाव्याला रझिया भेटली. तिची आई जाऊन आता तीन वर्षं झाली. मांडवाच्या कडेला माझ्याशेजारी येऊन बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "बाई, तुम्हाला माहीत हाय का? ते खुर्ची रिपेरिंगला गेलती ना, तवा मावशी रोज सकाळी आमच्या घरी यायच्या."

"कधी?"

"आमच्या अम्मीचा नंबर आलता आन खुर्चीचं चाक मोडलं. मावशी बोलल्या, चाक मोडलंय, मी येते. पुरे नऊ दिवस आल्या. एक बाजूनं मी, एक बाजूनं त्या. अम्मीला संडासला न्यायचं, आंघोळीला बसवायचं, सगळं. अम्मी लई वजनदार होती बाई. मावशीची कंबर भरून यायची, म्हणायच्या, काय न्हाई, पोत्यापरीस हलकी हाय तुजी अम्मी. खानावळीचा सकाळचा चहा तेवढे दिवस सविताच करायची."

मी म्हणाले, "हो का."

नऊ दिवस. म्हणजे माझ्या घरी खुर्ची आणलीस तेव्हाच तू ठरवलं होतंस. रांग मोडलीस आणि मोडलेल्या जागी स्वतः उभी राहिलीस. माझं 'दुरुस्तीसाठी' तू कुठे ऐकलंस कोण जाणे, बहुतेक मी सविताला सांगितलं असणार. तेच तू जाऊन तिथे सांगितलंस, माझं खोटं उघडं पडू नये म्हणून. मी त्या नऊ दिवसांत तुला दोनदा भेटले होते. एकदा तू कंबरेवर हात ठेवून उभी होतीस आणि मी म्हणाले होते, "कमल, वजन कमी कर." तू म्हणालीस, "हो बाई."

त्याच दिवशी, मांडवातच, मंदाने विषय काढला. क्लबची जुनी पाटी काढून तिथे तुझी चार वाक्यं लावायची. श्रद्धांजलीची सभा येत्या रविवारी, त्याआधी पाटी तयार हवी. सगळ्या हो म्हणाल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पाटी करून आणणं, वेळेवर आणणं, शुद्ध करून आणणं हे माझं काम. मी म्हणाले, "बघू." घरी आले आणि दोन दिवस पेंटरकडे गेले नाही. मनात कारणं तयार होती. ही बोलीभाषा आहे. बाहेरचे पाहुणे येतात. तीस वर्षांची परंपरा आहे.

परवा एक खाट परत आली. मी यादी उघडली. दुसरी खाट मधल्या काळात दुसऱ्या नंबरला गेली होती, आता सगळ्यात वर तुझं नाव. तुझा नंबर लागला होता, कमल. मी तुझ्या खालच्या नावाला फोन केला आणि तुझं नाव खोडलं. यादीत मी नेहमी पट्टी धरून रेघ मारते. त्या दिवशी पट्टी सापडत नव्हती, शोधलीही नाही. रेघ वाकडी आली.

तशीच उठले आणि जुनी पाटी ऑटोत घालून कोर्टाजवळच्या पेंटरकडे नेली. कागदावर तुझी चार वाक्यं, तू म्हणायचीस तशीच. शुद्ध केली नाहीत. त्याने कागद वाचला आणि मान वर केली.

"ही कमळामावशीची ना?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"दोन वर्सं तिथंच जेवलो की. डबा न्यायला गेलं की आदी खुर्ची पुढं करायच्या." मग म्हणाला, "खाली नाव टाकायचं का त्यांचं?"

"नाही. नाव टाकायचं नाही असा नियम आहे."

"नसू द्या. कळतंयच."

कळतंयच. माझ्या वाक्यांखालीही तीस वर्षं नाव नव्हतं. इतक्या बैठका झाल्या, इतके पाहुणे आले, ती पाटी वाचून हे कोणी लिहिलं असं एकानेही विचारलं नाही. दुसरं तत्त्व मी लिहिलं होतं, पण कोणीतरी विचारावं असं मला दर वेळी वाटायचं. आज कागदावर कबूल करते.

त्याने विचारलं, "जुनी अक्षरं खरडून काढू?"

"नको," मी म्हणाले. "वरूनच रंग द्या."

रविवारी वाचायची पाळी माझी आहे. पाळीचा तक्ता मीच करते, त्यात फेरफार केलेला नाही. उभी राहून मी तुझी चार वाक्यं वाचेन. मला ती तुझ्यासारखी म्हणता येणार नाहीत. 'रांगंत' म्हणताना माझी जीभ 'रांगेत'कडे वळेल. तिसऱ्या वाक्यापाशी मी थांबणार आहे आणि खुर्चीचं सांगणार आहे. रझियाला मी सभेला बोलावलं आहे, पहिल्या ओळीत तिच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे. तू म्हणशील, "कावून बाई, कशापायी? दिलं की इसरा." पण तो नियम देणाऱ्याचा आहे. घेणाऱ्याने विसरावं असं तू कुठे म्हटलं नव्हतंस. वहीतला 'दुरुस्तीसाठी' हा शब्दही मी खोडला आहे आणि पुढे लिहिलं आहे: 'स्वतःच्या घरी'.

मला रात्रभर वाटत होतं की सगळ्या माझ्याकडे बघतील, कुजबुजतील, सचिवपद सोडायला सांगतील. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की यातलं काही होणार नाही. माझं सांगून संपेल, आणि मंदा डोळे पुसत म्हणेल, "बघा, नऊ दिवस. आणि कमळीनं कोणाला कळू दिलं नाही." रझिया उठून उरलेलं सांगेल. मी बसले काय आणि उभी राहिले काय, कोणाच्या ध्यानातही येणार नाही. आयुष्यात एकदाच धाडस करून मी काहीतरी कबूल करणार, आणि टाळ्या तुला पडणार.

घे. तेही तूच घे.

तुझी,
सुलभा